दाव्याचा नंबर सांगा, वकीलसाहेब

मी एक जुना बिल्ला आहे. जपानमधल्या एका समुद्रकाठच्या गावात, एका वकिलाच्या कोटावर, डाव्या बाजूला माझा मुक्काम असतो. आकाराने मी कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. माझ्यावर सूर्यफूल कोरलेले आहे आणि त्याच्या मधोमध एक छोटासा तराजू. पाठीवर नंबर आहे. तो नंबर साऱ्या देशात दुसऱ्या कुणाचा नाही, याचा मला थोडा ताठा आहे आणि मी तो लपवत नाही.

मित्रांनो, मी वकिलाच्या अंगावर असलो तरी त्याच्या मालकीचा नाही. वकिलांची संघटना मला त्याच्याकडे वापरायला देते. मी हरवलो तर सरकारी राजपत्रात बातमी छापून येते. वकिलाने काम सोडले की मला परत करावे लागते. आणि त्याचे वागणे बिघडले तर संघटना मला मागून घेते. माझ्या आयुष्यात तो दिवस येऊन गेला. त्याबद्दल सांगताना मला लाज वाटायला हवी, पण खरे सांगू का? मला हायसेच वाटते. कसे ते ऐका.

माझा जन्म चांदीचा. वरून सोन्याचा मुलामा. डबीतून बाहेर आलो तेव्हा मी असा चमकत होतो की ज्याच्या कोटावर लागलो त्यालाच संकोच वाटला. त्याचे नाव कुसाकाबे. वय सत्तावीस, चेहरा कोवळा, नवीन कोट खांद्यांवर थोडा मोठा. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. बिल्ला सोनेरी दिसला की लोक समजतात, वकील नवशिका आहे. तीस-तीस वर्षे काम केलेल्यांचा मुलामा झिजून आतली चांदी दिसू लागते, आणि त्या चांदीला मान असतो. कुसाकाबेला तीस वर्षे थांबायचा धीर नव्हता. त्याने मला सुट्ट्या नाण्यांच्या बटव्यात टाकले. वर्षभर मी नाण्यांबरोबर खुळखुळत होतो. बाहेर आलो तो पार जुनापुराणा होऊन. पुष्कळ तरुण वकील असे करतात, त्यात फार मोठे पाप नाही. पण माझे पहिले खोटे तेच, हे मी कबूल करतो.

पहिली चार वर्षे कुसाकाबेने छान काम केले. प्रत्येक कागद तो दोनदा वाचायचा. एका म्हाताऱ्या होडीवाल्याचा धक्क्यावरच्या जागेचा तंटा त्याने असा निस्तरला की म्हातारा दर हिवाळ्यात संत्र्यांची पेटी पाठवू लागला. आमच्याकडे वकील कोर्टात जाताना कागद चौकोनी कापडात बांधून नेतात. कागद बासनात बांधले की ते कोर्टात निघाले असे समजायचे. कुसाकाबेचे बासन जांभळे होते आणि ते आठवड्यातून चार दिवस तरी बाहेर पडायचे. मीही त्याच्याबरोबर ऐटीत जायचो.

मग कामे वाढली. मुरलेला वकील म्हणून त्याची ख्याती पसरली आणि त्यात माझ्या झिजलेल्या चेहऱ्याचा वाटा मोठा होता. त्याला नाही म्हणता येत नव्हते. येईल ते प्रकरण तो घेत गेला.

अशाच एका सकाळी दोघी जणी आल्या. तरुण होती तिचे नाव ओकिता चिझुरु. ती शिंपल्यांतली कालवे फोडून काढायच्या शेडमध्ये कामाला होती. कमरेला झोळी बांधून तिने दहा महिन्यांची मुलगी आणली होती, कोतोहा नावाची. म्हातारी होती ती हामादा सादाए, त्या मुलीची आजी. पण ती आजी आहे असे कुठल्याच सरकारी कागदावर लिहिलेले नव्हते. झाले होते असे की सादाएचा मुलगा रेन्जी आणि चिझुरु एकत्र राहत होते. कालवांचा हंगाम संपला की नगरपालिकेत जाऊन लग्नाची नोंद करायची, असे त्यांचे ठरले होते. हंगाम सुरू होण्याआधीच ऑक्टोबरातल्या वादळात रेन्जीची होडी उलटली. दोन महिन्यांनी कोतोहा जन्मली. तिच्या कुटुंबनोंदीत वडिलांचा रकाना रिकामा राहिला.

"मेलेल्या माणसाचं नाव लागतं का हो, वकीलसाहेब?" चिझुरुने विचारले.

"लागतं. दावा लावावा लागतो," कुसाकाबे म्हणाला. "आजींच्या रक्ताची तपासणी करून घेऊ. फक्त एक गोष्ट आहे. वडील गेल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. त्यानंतर कोर्ट दारातही उभं करत नाही."

"तीन वर्षं ना? आत्ता कुठं एक झालंय."

"म्हणजे भरपूर वेळ आहे."

चिझुरुने वकीलपत्रावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. जाताना म्हातारी दारात थांबली आणि सुनेच्या कानाशी लागली. तिचा आवाज शेडमधल्या यंत्रांवर मात करायला तयार झालेला, त्यामुळे ते साऱ्या इमारतीला ऐकू गेले.

"चेहऱ्यावर जाऊ नकोस, पोरी. बिल्ला बघितलास का? किती झिजलाय! मुरलेला माणूस आहे."

मी तेव्हा फुशारलो होतो. आज आठवले की कसेतरीच होते.

चिझुरुच्या कागदांची एक पातळशी फाइल झाली. पहिला महिना ती टेबलावर होती. मग जास्त घाईच्या फाइली आल्या आणि ती खिडकीपाशी गेली. तिथून कपाटावर गेली. भरपूर वेळ आहे, असे कुसाकाबे स्वतःशी म्हणायचा, आणि ते खरेही होते. मच्छीमार संस्थेकडून रेन्जीचे कागद आले, तो लिफाफाही त्याने न फोडता फाइलवर ठेवला. सात महिने उलटले. मग एक दिवस चिझुरुचा फोन आला.

"कुठवर आलंय, वकीलसाहेब?"

कुसाकाबेने वर कपाटाकडे पाहिले. "दाखल केलाय," तो म्हणाला. "कोर्टाला वेळ लागतो."

मित्रांनो, मी त्याच्या छातीवर होतो. कोटाच्या आत काय धडधडत होते ते मला जेवढे कळले तेवढे दुसऱ्या कुणाला कळणे शक्य नव्हते. त्याला वाटले, आज खोटे बोललो, उद्या सकाळी पहिले काम हेच करू. उद्या सकाळी त्याला फाइलकडे बघवेना. उशीर झाला म्हणून लाज, आणि लाज वाटते म्हणून आणखी उशीर. दोन महिन्यांनी ती फाइल कपाटाच्या मागे गेली. तिथे ती दिसत नव्हती, पण खोलीत शिरताना रोज तो त्या कोपऱ्याला वळसा घालून जायचा.

मला त्या माणसाचा राग येत होता. बाकीच्या कामांत तो वाघ होता. भर कोर्टात उभा राहून समोरच्याच्या तोंडाला फेस आणायचा. आणि तीस पानांच्या एका फाइलला असा घाबरायचा! चिझुरुचा दर दोन महिन्यांनी फोन यायचा. "न्यायाधीशांची बदली झालीय." "तारीख पुढे गेलीय." "असे दावे असेच चालतात." वेळ मारून नेण्यात तो तरबेज झाला. चिझुरु दर वेळी "त्रास दिला, माफ करा," म्हणून फोन ठेवायची. तिने माफी मागितली की माझी मान खाली जायची, म्हणजे मला मान असती तर गेली असती.

तिसऱ्या वर्षीचा सप्टेंबर संपला. ऑक्टोबर उजाडला. रेन्जीला जाऊन तीन वर्षे व्हायला चौदा दिवस उरले, तेव्हा फोन वाजला. या वेळी म्हातारी होती.

"दाव्याचा नंबर सांगा, वकीलसाहेब."

"नंबर?"

"आमच्या शेडमधल्या एकीच्या घटस्फोटाला होता नंबर. तिनं भिंतीवर लिहून ठेवला होता. म्हणते, कोर्टात गेलेल्या प्रत्येक दाव्याला असतो. आमचा कितीचा?"

"शोधून सांगतो, आजी."

"शोधायला ती काय सुई आहे? बरं, शोधा. उद्या करते फोन."

उद्या तिने फोन केला तेव्हा कुसाकाबेने उचलला नाही. परवाही नाही. फोन वाजत होता आणि तो त्याच्याकडे पाहत बसला होता. घरून आणलेले भाताचे गोळे टेबलावर तसेच सुकून गेले.

पुढच्या दिवशी पुन्हा फोन वाजला. त्याने उचलला, कारण नंबर वकील संघटनेच्या कचेरीचा होता. नागरिकांच्या तक्रारी ऐकायला तिथे पाळीपाळीने एक वकील बसतो. त्या दिवशी पाळी इगाराशीबाईंची होती. सत्तरीच्या, बुटक्या, आवाज शांत. त्यांचा बिल्ला तीस वर्षांत आपोआप चांदीचा झालेला.

"कुसाकाबे, माझ्यासमोर ओकिताबाई बसल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी त्या कोर्टाच्या खिडकीवर जाऊन आल्या. तिथले म्हणाले, या नावाचा दावाच नाही. कोर्टाची चूक असेल, म्हणून म्हटलं तुलाच विचारावं."

त्यांनी त्याला एक वाट मोकळी ठेवली होती. कोर्टाची चूक म्हणाला असता तर आणखी चार दिवस निभले असते. तेवढे पुरले नसते, पण घाबरलेला माणूस चार दिवसांसाठीही खोटे बोलतो. मी जीव मुठीत धरून होतो.

"नाही, बाई," कुसाकाबे म्हणाला. "कोर्टाची चूक नाही. मी दाखलच केला नाही."

 आणि कोटाच्या आत, दीड वर्षात पहिल्यांदा, सगळे संथ झाले. तो फुटून रडेल असे मला वाटले होते. तो रडला नाही. त्याने लांब श्वास सोडला आणि मीही त्याच्याबरोबर वर गेलो नि खाली आलो.

"तीन वर्षं कधी पुरी होतात?" इगाराशीबाईंनी विचारले.

"अकरा दिवस उरलेत."

"मग रडगाणं नंतर गाऊ. फाइल घे आणि आत्ताच्या आत्ता इथं ये. फाइल आहे ना रे?"

"आहे. कपाटामागे."

कपाट सरकवताना त्याच्या बोटाला लागले. फाइलवर धूळ होती आणि मच्छीमार संस्थेचा लिफाफा अजून बंद होता. त्याने धूळ पुसली, फाइल जांभळ्या बासनात बांधली आणि आम्ही निघालो.

कचेरीच्या त्या छोट्या खोलीत चिझुरु होती, म्हातारी होती आणि जवळजवळ तीन वर्षांची कोतोहा खुर्चीवर पाय हलवत बसली होती. कुसाकाबे कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. कुणीच त्याला सरळ हो म्हटले नाही. माझ्या समोर फक्त फरशी होती.

"तुम्ही म्हणालात तारीख पुढे गेली," चिझुरु म्हणाली. "मी शेडमधून सुट्टी घेतली होती त्या तारखेसाठी. दोनदा."

"खोटं बोललो."

"न्यायाधीशांची बदली?"

"तेही."

म्हातारी पुढे आली. "आणि मी बिल्ल्यावर गेले! म्हटलं, मुरलेला आहे. लोणचं मुरतं तसा फडताळात मुरत बसला होता होय?"

इगाराशीबाईंनी तोपर्यंत लिफाफा फोडून कागद पसरले होते. चष्मा कपाळावर चढवून त्या वाचत होत्या. शेवटच्या पानापर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "सगळं आहे यात. एकही कागद कमी नाही. हा दावा मी चालवते. ओकिताबाई, इथं शिक्का मारा. सोमवारी दाखल होईल."

"होईल ना नक्की?"

"तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमच्या देखत करू."

जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, ते मी त्या खोलीत पाहिले. चिझुरुने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तिचे खांदे हलू लागले. कोतोहा उतरून तिच्या गुडघ्याला बिलगली. सोमवारी खरेच दावा दाखल झाला. दुपारी सादाएचा फोन आला. तिने नमस्कारही केला नाही, फक्त नंबर वाचून दाखवला आणि ठेवून दिला. कुसाकाबेने तो नंबर कागदावर लिहून घेतला. का, ते त्यालाही सांगता आले नसते.

पण त्या खोलीतले एक सांगायचे माझ्याकडून राहिले. निघताना चिझुरु म्हणाली होती, "आई, आता होतंय ना आपलं काम. तक्रार वगैरे नको. जाऊ दे."

"आपलं होतंय," म्हातारी म्हणाली. "याच्या कपाटामागे आणखी कोण कोण आहे, ते कुठं ठाऊक आहे आपल्याला?"

तेव्हा कुसाकाबे पहिल्यांदा ताठ उभा राहिला. "आजी बरोबर बोलतायत. तक्रार करा, ओकिताबाई. अर्ज बाहेरच्या टेबलावर मिळेल."

तिने अर्ज केला. संघटनेच्या समितीपुढे चौकशी झाली. बरेच महिने चालली. एका लांब टेबलाच्या पलीकडे काही माणसे, अलीकडे आम्ही दोघे. समितीतल्या एकाने विचारले, "तुमच्याकडे एकूण प्रकरणं किती होती?"

"त्रेसष्ट."

"बाकीची नीट चालली. मग या एकाच फाइलनं काय घोडं मारलं होतं?"

"ती पातळ होती आणि वेळ भरपूर होता," कुसाकाबे म्हणाला. "जाड फाइलची भीती वाटते, म्हणून माणूस ती आधी उघडतो."

"तुमच्या बाजूनं काही सांगायचंय? तब्येत, घरची अडचण?"

"नाही. तब्येत चांगली होती."

चार महिने वकिली बंद, असा निकाल लागला. मला तो कमी वाटला. सादाएलाही कमीच वाटला असणार. उरलेल्या सगळ्या अशिलांची कामे त्याला दुसऱ्या वकिलांकडे सोपवावी लागली. आधी त्याने एकेका फाइलबरोबर एकेक चिठ्ठी लिहून दिली, काय झाले आहे, काय राहिले आहे, कुठली तारीख चुकवून चालणार नाही. दारावरची नावाची पाटी त्याने स्वतः स्क्रू काढून उतरवली. मग संघटनेच्या कचेरीत जाऊन मला कोटावरून काढले आणि टेबलावर ठेवले. कोटावर माझ्या जागी एक बारीक भोक राहिले.

मला कचेरीच्या तिजोरीत ठेवले गेले; तिथे आणखी बिल्ले होते. काही वारलेल्या वकिलांचे, काही थकून घरी बसलेल्यांचे. आम्ही एकमेकांना काही विचारले नाही. तुम्हाला वाटेल तो अंधार मला खायला उठला असेल. छे! मी तिथे निवांत पडून राहिलो. कुणाचा फोन वाजत नव्हता आणि कुणी माझ्या आडून खोटे बोलत नव्हते.

नोव्हेंबरात मुदत संपली. कचेरीतल्या बाईने मला तबकात घालून त्याच्यापुढे ठेवले आणि पावतीवर सही घेतली. कुसाकाबे थोडा वाळला होता. त्याने मला कोटावर लावले, पण तो ऑफिसला गेला नाही. आम्ही बसने कालवांच्या शेडवर गेलो.

हंगाम ऐन भरात होता. रबरी एप्रन घातलेल्या बायका रांगेने उभ्या, हातात आखूड सुऱ्या, पायांशी शिंपल्यांचे ढीग. त्याला पाहून सगळ्यांचे हात थांबले. तो वाकू लागला.

"थांबा!" सादाए ओरडली. "आणखी वाकलात तर डोकं कालवांच्या पाटीत जाईल. बिल्ला मिळाला वाटतं परत?"

"हो. आजच."

"आणि पहिल्यांदा इथं आलात. बरं, उभे राहा तिकडं."

चिझुरुने हातमोजे काढले. ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद घेऊन आली. निकाल लागला होता, वसंतातच. मी तेव्हा काही ऐकले नव्हते.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं. दोन वर्षं आमचे कागद तुमच्याकडे होते. एकदा तरी वाचा."

कुसाकाबेने पाकीट दोन्ही हातांत धरले. भरल्या कोर्टात न अडखळणारा तो माणूस इथे अडखळला. "मुलगी, ओकिता कोतोहा," त्याने वाचले. "आई, ओकिता चिझुरु." मग थांबला. "वडील, हामादा रेन्जी."

म्हातारीने सुरी खाली ठेवली आणि एप्रनखालच्या बाहीने डोळे पुसले. उपड्या खोक्यावर कोतोहा बसली होती, चार वर्षांची होत आलेली, हातात मोठा शिंपला. तिने मान वर केली.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत वाचले. ती म्हणाली, "परत." त्याने तिसऱ्यांदा वाचले, आणि या वेळी नाव न अडखळता, स्पष्ट आले.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," चिझुरु कागद परत घेत म्हणाली. "पण आता मला झोप लागते. तुमच्या कपाटामागे आणखी कुणी आहे?"

"आता कुणीच नाही. एकही अशील उरलं नाही."

"मग पहिलं जे येईल ना," सादाए म्हणाली, "त्याचा लिफाफा त्याच दिवशी फोडा."

मित्रांनो, मी धातूचा तुकडा आहे. मला बोलता येत नव्हते, म्हणून मी दोन वर्षे गप्प राहिलो. तुम्हाला बोलता येते. कुणी विश्वासाने सोपवलेले काम तुमच्या हातून राहून गेले, तर त्याच्यापासून तोंड लपवू नका. जा आणि राहिलंय म्हणून सांगा. बोलणी बसतील, शिक्षाही होईल, ती सोसा. पण दिवस उरलेले असतानाच सांगा. कोतोहाच्या वेळी अकरा उरले होते, म्हणून तिला वडील मिळाले.